अधिकच्या चिन्हांनी भरलेला तक्ता

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. पाच वनस्पती, प्रत्येकीच्या पानांचे चार अर्क, प्रत्येक अर्कात कोणती रसायनं आहेत हे बघणाऱ्या आठ चाचण्या, म्हणजे १६० चौकोन. मी मोजले, त्यातल्या १४१ चौकोनांत अधिकचं चिन्ह, म्हणजे 'रसायन सापडलं', आहे. महिन्याभरात एकटीने एवढं काम उरकलंस, हाताला वळण लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. आता 'चर्चा' या प्रकरणात काय लिहू, असं तू विचारलं आहेस. त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. ब्लँकचा रंग काय होता? म्हणजे पानाचा अर्क न घालता, नुसतं द्रावक (ज्यात अर्क काढला ते द्रव) आणि अभिकर्मक (चाचणीचं रसायन) घातलेली नळी. तुझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नाही.

माझं ऐकशील तर चार वनस्पती सध्या बाजूला ठेव आणि एकट्या अडुळशावर ये. 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत पाच वनस्पती दाखवल्या की काम भारदस्त दिसतं, हे मला ठाऊक आहे. पण एका पानाविषयी खात्रीने चार वाक्यं बोलता आली, तर परीक्षकाच्या समोर तू ताठ उभी राहशील.

अडुळसाच का? तो तुमच्या घराच्या कुंपणाला आहे, असं तू पहिल्या भेटीत सांगितलं होतंस. कुंपणाला तो लावतात, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला जस्टिशिया अधाटोडा हे नाव दिलं. त्यातला 'अधाटोडा' तमिळ नावावरून आला आहे आणि त्याचा अर्थच शेळी ज्याला शिवत नाही ते झाड. पान चावून बघितलंस तर कळेल, कडू जहर. त्या पानातलं व्हॅसिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेलं वनस्पतीतलं रसायन, हूपर यांनी १८८८ साली वेगळं केलं. पुढे त्याच्या रेणूचा धागा धरून ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात गेल्यावर जे होतं ते अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या बाटलीवर ही दोन्ही नावं तू वाचली असशील. म्हणजे या पानात काय सापडायला हवं हे आधीपासून माहीत आहे. शिकणाऱ्याला असंच पान हवं. तुझी चाचणी बरोबर होते की नाही, हे ते पानच तुला सांगेल.

आता अगदी सुरुवातीकडे जाऊ. तू पानं आणलीस ती कोणत्या झाडाची, हे कशावरून? रागावू नकोस, हा प्रश्न मी स्वतः फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. एम.फिल.ला मी ब्राह्मी घेतली होती. मंडईतून ताज्या जुड्या आणल्या, सावलीत वाळवल्या, तीन महिने अर्क काढले. सॅपोनिनसाठी, म्हणजे साबणासारखा फेस देणाऱ्या द्रव्यासाठी, फेसाची चाचणी प्रत्येक वेळी उत्तम यायची आणि माझा उत्साह वाढायचा. मग एका जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञांना मी ते पान दाखवलं. ते म्हणाले, हा कारिवणा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कारिवण्यालाच, म्हणजे सेंटेला एशियाटिकालाच, ब्राह्मी म्हणतात. मी ज्या बकोपा मोनिएरीविषयी लिहीत होते, ती नीरब्राह्मी निराळी. तिची पानं बारीक आणि मांसल, कारिवण्याची गोलसर आणि देठाशी खाच असलेली. दोन्हींत सॅपोनिनं आहेत, म्हणून माझ्या फेसाने मला एकदाही सावध केलं नाही. तीन महिन्यांची वही बाजूला ठेवताना डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अजून आठवतं.

म्हणून पुढच्या खेपेला पानं तोडशील तेव्हा फुलासकट एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळव. तारीख, गाव, झाड कुठे उभं आहे, फुलाचा रंग, तोडणाऱ्याचं नाव, सगळं त्याच दिवशी लिही. अडुळशाचं फूल पांढरं असतं आणि त्याच्या ओठावर जांभळट रेघा असतात. वाळलं की रंग उडतो, म्हणून रंग लगेच टिपायचा. मग तो नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात ओळखीसाठी घेऊन जा. तिथून ओळख पटली की तो नमुना जपून ठेव आणि त्याचा क्रमांक प्रबंधात दे. उद्या कोणी तुझ्या निष्कर्षावर शंका घेतली, तर त्या वाळक्या फांदीपाशी परत जाता येईल.

वाळवणं सावलीतच कर. पंखा लाव, पानं पसरून ठेव, एकावर एक थर नको. व्हॅसिसिनचं हवेतल्या ऑक्सिजनने व्हॅसिसिनोन होतं. घाईघाईत गच्चीवर उन्हात वाळवलेली पानं आणि सावलीत वाळवलेली पानं हे रसायनाच्या हिशेबात दोन वेगळे नमुने झाले. किती दिवस वाळवलीस, ओलं वजन किती, वाळल्यावर किती, हे तुझ्या वहीत कुठे दिसलं नाही. ते लिहीत जा.

सॉक्सलेटची, म्हणजे उकळत्या द्रावकाने पुन्हा पुन्हा अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणाची, तुझी तक्रार वाचली. मे महिन्यात कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या नळीला) नळाचं पाणी सोडून द्यायचं मनाला पटत नाही, शिवाय दुपारी पाणी जातं. आमच्याकडे आम्ही कूलरचा छोटा पंप बादलीत टाकून तेच पाणी फिरवायचो आणि बादलीत बर्फ घालायचो. तसं कर. २५ ग्रॅम भुकटी, २५० मिलिलिटर मेथॅनॉल, आणि थिंबलमधली (भुकटी ठेवायच्या कागदी पुडीतली) भुकटी सायफनच्या वाकाच्या वर जाता कामा नये. सायफनच्या नळीतून उतरणारं द्रावक बिनरंगी दिसू लागेपर्यंत थांबायचं. घड्याळाकडे बघून बंद करू नकोस. मेथॅनॉलच्या आधी पेट्रोलियम ईथरने एक फेरी घे, त्याने मेण, चरबी आणि बराचसा हिरवेपणा निघून जातो. तुझ्या फोटोतला अर्क इतका गर्द हिरवा आहे की त्यात कुठलाही रंग बदललेला दिसणं अवघड आहे. तरीही स्टेरॉइडच्या रकान्यात तू 'लालसर तपकिरी' लिहिलं आहेस. सल्फ्युरिक आम्ल पडल्यावर हिरव्या अर्काचं तसंही बरंच काही होतं. ती नोंद मला ग्राह्य धरता येत नाही.

आता अल्कलॉइड. इथे जरा थांबून वाच.

मेयरचा अभिकर्मक तू सरळ मेथॅनॉलच्या अर्कात टाकला आहेस. अल्कलॉइड असलं की त्याने साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, येतो. पण अल्कोहोलमध्ये तो साका विरघळून जाऊ शकतो, शिवाय अभिकर्मक जास्त पडला तरी विरघळतो. म्हणून आधी अर्क वॉटर बाथवर कोरडा कर, उरलेला चिकटा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घोळव, गाळ, आणि त्या स्वच्छ गाळलेल्या पाण्यात परीक्षानळीच्या कडेने एकेक थेंब सोड. मेयरने दुधी पांढरा साका, वॅग्नर आणि ड्रॅगेनडॉर्फ या अल्कलॉइडच्याच दुसऱ्या दोन अभिकर्मकांपैकी वॅग्नरने तांबूस तपकिरी, ड्रॅगेनडॉर्फने नारिंगी. शेजारी दोन नळ्या हव्यातच, एक ब्लँक आणि एक क्विनीन या माहीत असलेल्या अल्कलॉइडची. क्विनीनच्या नळीत साका आला नाही तर दोष पानाचा नाही, तुझ्या बाटलीचा आहे. आणि मेयरमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असतं. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचं. याबाबत मी कोणाचीही गय केलेली नाही.

साका आला म्हणजे अल्कलॉइड आहेच, असं होत नाही. प्रथिनंही मेयरला साका देतात. ड्रॅगेनडॉर्फ तर कुमारिन गटातल्या, नायट्रोजन नसलेल्या काही संयुगांनाही फसतो. आणि साका आला नाही म्हणजे अल्कलॉइड नाहीच, असंही होत नाही. घरी चहाच्या पत्तीवर करून बघ. कॅफिन भरपूर आहे, पण मेयर गप्प राहतो.

याहून मोठं उदाहरण आपल्या मातीतल्या माणसाचं आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं आणि १९६६ साली ते प्रसिद्ध केलं. रेणूत नायट्रोजन होता, पण मेयर आणि ड्रॅगेनडॉर्फ या दोन्हींनी नकार दिला, कारण तो रेणू बाकीच्या अल्कलॉइडांसारखा आम्लारीधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) वागतच नाही. त्यांनी फक्त रंगावर भरवसा ठेवला असता, तर तो अर्क तुझ्या तक्त्यासारख्या तक्त्यात वजा चिन्ह लावून फडताळात गेला असता. त्यांच्याकडे दुसरी कसोटी होती. प्रत्येक टप्प्यावर रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर अर्काचा परिणाम होतो का हे तपासलं जात होतं, आणि त्या परिणामाचा माग काढत ते रेणूपर्यंत पोहोचले. त्याच रेणूपासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली.

ही गोष्ट इथे संपत नाही, म्हणून थोडं विषयांतर करते. तेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवलं. नरक्या म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना. फांदी तोडली की दुर्गंध सुटतो, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याची किंमत कळल्यावर कोकण आणि घाटमाथ्यावर त्याची चोरटी तोड सुरू झाली. झाडात काय आहे हे शोधणाऱ्या माणसाने हे डोक्यात ठेवूनच जंगलात पाऊल टाकावं. तुझ्या बाकीच्या चार वनस्पतींपैकी दोघींची पानं राखीव वनातून आली आहेत, असं तुझ्या टिपणात दिसतं. वनखात्याची परवानगी घेतली आहेस का? नसेल तर ती पानं या कामात वापरू नकोस. आणि ज्या आजोबांनी तुला झाड दाखवलं, त्याचा उपयोग सांगितला, त्यांना विचारून त्यांचा उल्लेख कर. 'स्थानिक माहितीनुसार' असं लिहून त्यांना पुसून टाकू नकोस.

बाकी चाचण्यांचं थोडक्यात. टॅनिनसाठी, म्हणजे हिरड्यातल्यासारख्या तुरट द्रव्यासाठी, फेरिक क्लोराइड टाकल्यावर येणारा काळा-निळा रंग आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ओळखीचा आहे. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई करायचे, ती हीच क्रिया. पण तो रंग कुठलंही फिनॉल देऊ शकतं. टॅनिन म्हणायचं असेल तर जिलेटिनच्या द्रावणाने साका येतो का बघ, आणि शेजारी हिरड्याच्या काढ्याची नळी ठेव. सॅपोनिनच्या फेसाला शेजारी रिठा ठेव, नळी हलव आणि १५ मिनिटांनी फेसाची उंची पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये लिही. फ्लॅव्होनॉइड या वनस्पतीतल्या रंगद्रव्यांच्या शिनोडा चाचणीत मॅग्नेशियम आणि आम्ल घालतात; तिथे मॅग्नेशियम न घालता नुसतं आम्ल घातलेली एक नळी हवी. काही पानांतली अँथोसायनिन नावाची लाल-जांभळी रंगद्रव्यं आम्लातच लाल होतात आणि आपण फसतो.

अधिकची चिन्हं आता बंद कर. जे दिसलं ते शब्दांत लिही: 'तिसऱ्या थेंबाला गढूळ, पाच मिनिटांनी पांढुरका साका तळाशी'. तीन वेगवेगळ्या झाडांची पानं घे, प्रत्येक चाचणी तीनदा कर. मग थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पट्टीवर द्रावक चढवून अर्कातले घटक वेगळे करणं. सिलिकाची पट्टी, इथाइल अ‍ॅसिटेट आणि मेथॅनॉलमध्ये थोडा अमोनिया, म्हणजे अल्कलॉइडचा ठिपका शेपटी काढत पसरत नाही. अर्काच्या बाजूला शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका लाव आणि वर ड्रॅगेनडॉर्फ फवार. दोन्ही नारिंगी ठिपके एका उंचीवर आले, की तुझ्या परीक्षानळीतल्या साक्याला आधार मिळाला. व्हॅसिसिन महाग आहे, पण अगदी थोडं पुरतं. पैशांची अडचण असेल तर मला सांग, संकोच करू नकोस.

चर्चेच्या प्रकरणात 'म्हणून ही वनस्पती खोकल्यावर गुणकारी आहे' हे तू आधीच लिहून ठेवलेलं वाक्य काढून टाक. तुझ्या नळ्यांनी ते सांगितलेलं नाही. तुझी आजी पानं वाफवून रस काढते आणि मधातून देते, तिच्या अनुभवाला मान आहेच, पण तो तिच्या नावावर लिही. शिवाय व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत ते यासाठीच. कोणी विद्यार्थिनीचं वाक्य वाचून घरी काढा करू शकतं, हे लिहिताना लक्षात असू दे.

पंधरा दिवसांनी पत्र पाठव. त्यात आधी ब्लँकमध्ये काय दिसलं ते लिही, मग क्विनीनच्या नळीत काय दिसलं, आणि त्यानंतर अडुळसा.

तुझ्या बाई