पंचवार्षिक आराखड्यात काम आहे, खात्यात निधी आहे, तरी खर्च का होत नाही?

ताई, आपल्या वाडीची पाइपलाइन पंचवार्षिक आराखड्यात तिसऱ्या वर्षी दाखवलेली आहे, पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राकडून आलेला निधी खात्यात शिल्लक आहे, तरीही तो या कामावर खर्च करता येणार नाही असे ग्रामपंचायत अधिकारी सांगतात. ते दिशाभूल करीत आहेत का, असे आपण विचारले आहे. मागील पंचवार्षिकमध्ये मी सदस्य असताना आमच्या गावात नेमका हाच पेच उभा राहिला होता.

बहुधा ते खरेच सांगत आहेत, पण अर्धेच. पंचवार्षिक आराखडा म्हणजे गावाच्या गरजांची क्रमवारी. त्यात काम असले म्हणून खर्चाचा अधिकार मिळत नाही. ते काम त्या वर्षीच्या वार्षिक आराखड्यात ग्रामसभेच्या ठरावाने आलेले असावे लागते आणि ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेले असावे लागते. शिवाय खात्यातील शिल्लक रक्कम कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या निधीपैकी ६० टक्के बंधित आहे, म्हणजे त्यातला निम्मा फक्त पाण्यासाठी आणि निम्मा फक्त स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित निधी स्थानिक गरजांसाठी असला तरी पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नाही. एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल तर बंधित रक्कम दुसऱ्या बाजूला वापरता येते, हे पुष्कळ ठिकाणी सांगितलेच जात नाही.

आमचे सर्वांत मोठे नुकसान मात्र नियमांनी केले नाही, तालुक्याच्या एका कार्यालयाने केले. विहिरीपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून वाडीपर्यंत असे आमचे एकच काम होते आणि त्याचा खर्च एका वर्षाच्या बंधित निधीत बसत नव्हता. आयोगाची शिफारस अनेक वर्षांची असते, ग्रामपंचायतींमधील वाटप ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर होते, त्यामुळे पुढील वर्षी साधारण किती रक्कम येईल याचा अंदाज आम्हाला होता आणि तो आम्ही लेखी दिला होता. तरीही ‘चालू वर्षाच्या रकमेत बसवून आणा’ एवढ्या एका शेऱ्यासह फाइल परत आली. शेवटी अंदाजपत्रक टाकीपाशीच तोडण्यात आले, पुढचा भाग कोणत्याही कागदावर राहिला नाही आणि टाकी बांधून होताच काम पूर्ण झाल्याची नोंद झाली. दुसऱ्या वर्षी वाडीच्या पाइपलाइनची मागणी केली, तेव्हा हे नवीन काम असल्याचे सांगून सर्व मान्यता पहिल्यापासून घ्यायला लावल्या, आणि तोवर वाडीतील बायका भरलेल्या टाकीजवळून जात विहिरीवरूनच पाणी आणत राहिल्या. पाच वर्षांचे नियोजन गावाकडून मागायचे आणि कागद मात्र एकाच वर्षाचा स्वीकारायचा, या पद्धतीबद्दल मला आजही संताप वाटतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, अंदाजपत्रक संपूर्ण कामाचे करून घ्या आणि त्याचे टप्पे पाडा; पहिल्या टप्प्यानंतर काही घरांना तरी पाणी मिळाले पाहिजे, अशा रीतीने टप्पे असावेत. ग्रामसभेच्या ठरावात प्रत्येक टप्प्याचे वर्ष आणि त्याचा निधी बंधित की अबंधित, हे स्पष्ट लिहून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी होते. ही मागणी तिथूनच ठरावाच्या रूपाने आली तर पुढे तिला डावलणे कठीण जाते.

मी अधिकारी नाही आणि शासन निर्णय बदलत असतात, तेव्हा पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून ताज्या निर्णयाची खात्री करून घ्यावी. विशेषतः पंधराव्या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा असून पुढील पाच वर्षे सोळाव्या आयोगाची आहेत, त्यामुळे वरील टक्केवारी पुढेही तशीच राहील असे गृहीत धरू नये. पुढचा हप्ता नक्की येईलच असेही समजू नये, कारण हिशेब वेळेवर ऑनलाइन नसले किंवा निवडून आलेले सदस्य नसले तर निधी अडतो. राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक असताना त्यांच्या वाट्याचे प्रत्येकी १० टक्के असेच अडले होते. आपल्या बाबतीत आधी शिल्लक रकमेची बंधित-अबंधित विभागणी लेखी मागवा. ती पाण्याची बंधित रक्कम असेल, तर पुढच्या ग्रामसभेत पुरवणी कामाचा ठराव घेता येईल का, हे त्याच पत्रात विचारा.