तेराव्या मात्रेची वाट

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तबल्याचं परवाचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. कायदा, म्हणजे मूळ रचना, स्वच्छ आहे, तिचे फेरफार म्हणजे पलटेही. घोळ आहे तो तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (पहिल्या मात्रेवर) संपवायच्या तुकड्याच्या, आधीच्या आवर्तनात. तिथे तू नुसता सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका वाजवते आहेस, हाताला अवघड असं काहीच नाही, आणि तरी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, लय धावायला लागते. लेहरा, ती साथीला फिरून फिरून वाजणारी धून, मागे राहतो, तो कानावर आला की तू दचकून थबकतेस. ‘हात कच्चा आहे’ असं लिहिलं आहेस. मला तसं वाटत नाही. तू त्या वेळी मनात पुढच्या तिहाईच्या मात्रा मोजत होतीस.

घरी करून बघ. मेट्रोनोम ६० वर लाव, त्याच्याबरोबर वीसेक टाळ्या दे, मग तो बंद करून आणखी ३० टाळ्या त्याच लयीत चालू ठेव. फोनवर रेकॉर्ड कर. आता हेच पुन्हा, पण मेट्रोनोम बंद झाल्यावर शंभरातून सात-सात वजा करत जा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... नंतर ऐकशील तेव्हा हसू येईल. कुणी रेंगाळतं, कुणी पळतं, पण टाळ्यांमधली अंतरं वेडीवाकडी होतात. मेट्रोनोम १२० वर ठेवून केलंस तर बिघाड बहुधा कमी दिसेल. लहान अंतर हात आपल्या सवयीने काढतो, लांब अंतर मनाला धरून ठेवावं लागतं. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, आपण मात्रेतली जागा ‘तिरकिट’ या बोलाने भरतो ती काही केवळ शोभेसाठी नाही.

मेट्रोनोम बंद करून टाळी पुढे चालवायची ही पद्धत जुनी आहे. स्टीव्हन्सने १८८६ साली ती वापरली होती. १९७३ मध्ये विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी अशा ठोक्यांमधली चूक दोन भागांत वाटली. एक चूक डोक्यातल्या घड्याळाची. दुसरी, घड्याळाचा इशारा सुटल्यापासून बोट पडेपर्यंतच्या वेळेची, म्हणजे हाताची. हाताची चूक झाली तर एक अंतर लांबतं आणि पुढचं तेवढंच आखूड होतं. ठोका उशिरा पडला तरी लय सरकत नाही. घड्याळाची चूक मात्र साचत जाते. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नवव्यापासून सोळाव्यापर्यंत ती साचतच गेली आहे. म्हणून ‘रोज तासभर जास्त हात घासते’ हा तुझा उपाय मला पटत नाही.

माझंही झालंय. गणेशोत्सवातला कार्यक्रम, झपताल, मध्यलय. ‘९:४० ला संपवा’ अशी चिठ्ठी कुणीतरी डग्ग्याजवळ सरकवली. मी घड्याळाकडे पाहिलं, अजून दोन बंदिशी बसतील का याचा हिशेब केला, आणि ‘ती ना’ दोनदा वाजवून बसलो. झपतालात! दहा मात्रांच्या बारा झाल्या. गायकाने वळून पाहिलं, ती नजर अजून आठवते.

आता तुझी तिहाई. ‘तिट कत गदि गन धा’, पाच मात्रा. तीन फेऱ्यांच्या मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे विराम, घेतलास तर उठाण, म्हणजे सुरुवात, समेवरून. अर्ध्या मात्रेचा दम, तर दुसरीवरून. बेदम, म्हणजे दम न घेता, तर तिसरीवरून. हे तुला पाठ आहे, तरी तू वाजवताना दरवेळी नव्याने मांडतेस. त्याऐवजी एक गोष्ट बघ: तिन्ही प्रकारांत शेवटचं ‘तिट’ तेराव्या मात्रेवरच येतं, तिसऱ्या टाळीवर. वहीत एकदा लिहून काढ आणि मग वही मिटव. तबल्याला हात न लावता टाळी-खाली देत पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण, लेहरा चालू ठेवून. तेराव्याची टाळी आणि शेवटचं ‘तिट’ एकत्र पडलं की समजायचं, जमतंय. आठवडाभर एवढंच. तोंडाला बोल बसले की मोजायला काही उरत नाही, आणि मन लेहऱ्याकडे मोकळं राहतं.

याउलट टोकही टाळ. काहीजण हिशेब सोडतात आणि बोटांकडे टक लावून बसतात. त्यानेही वादन आखडतं. कान लेहऱ्यावर, बस.

जमलं की नाही याची परीक्षा म्हणजे ठेका चालू ठेवून आईशी बोलायचं. आज भाजी काय, दूधवाल्याचे किती झाले, असलं काहीही. वयस्कर माणसं चालताना प्रश्न विचारला की थांबून उत्तर देतात, पाहिलंयस ना? अशी थांबणारी माणसं पुढे पडण्याची शक्यता जास्त असते, असं १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना आढळलं होतं. तुझा ठेका मात्र दुधाच्या हिशेबालाही थांबता कामा नये. पहिले काही दिवस थांबेल, वैतागू नकोस.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग पाठवताना लेहरा जरा मोठा ठेव, शेवटी शेवटी ऐकूच येत नव्हता. आणि डग्गा फार उतरलाय. रविवारी येताना घेऊन ये, वादी ओढून देतो.

तुझा,
सर