आयजीजी नॉर्मल आलं, पण रक्त कधी घेतलं होतं?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी दोनदा वाचली. मुलगी १३ वर्षांची, दोन वर्षांत तीनदा निमोनिया, सायनस तर पाठ सोडतच नाही. मध्ये प्लेटलेट १२ हजारांवर आल्या म्हणून आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या दात्यांच्या अँटिबॉडी) दिलं. त्यानंतर सोळाव्या दिवशी रक्त तपासलं तर आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) ९८० आलं, आणि ‘प्रतिकारशक्ती ठीक आहे’ असं सांगून तुम्हाला घरी पाठवलं.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला एक्सएलए (अँटिबॉडी जवळजवळ बनतच नाहीत असा जन्मजात आजार) आहे, निदान व्हायला सात वर्षं गेली आणि आता नऊ वर्षं त्याला दर महिन्याला आयव्हीआयजी लागतं. त्या बाटलीशी माझी चांगलीच ओळख आहे. तिच्यात असतं ते हजारो रक्तदात्यांचं आयजीजी. सोळाव्या दिवशी मोजलेल्या ९८० मध्ये तुमच्या मुलीचं किती आणि दात्यांचं किती, हे कुठलीच लॅब सांगू शकणार नाही. दात्यांचं निम्मं व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. पूर्ण ओसरायला काही महिने.

पण त्याच रिपोर्टमधले आणखी दोन आकडे तुम्ही जाता जाता लिहिलेत: आयजीए १८, आयजीएम ३० (अँटिबॉडींचेच आणखी दोन प्रकार). आयव्हीआयजीत हे दोन्ही नावापुरतेच असतात. म्हणजे हे आकडे तिचे स्वतःचे, आणि १३ वर्षांच्या मुलीसाठी दोन्ही कमीच. मी तुमच्या जागी असते तर ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबले नसते.

आता आयव्हीआयजीच्या आधीचे रिपोर्ट काढा. इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडींची मोजणी) तेव्हा कुणी केलं नसेल, पण लिव्हरची तपासणी बहुतेक झाली असेल. त्यात टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतं ते ग्लोब्युलिन, आणि त्यातला मोठा वाटा अँटिबॉडींचा. माझ्या मुलाचा तिसऱ्या वर्षीचा कागद अजून माझ्याकडे आहे: प्रोटीन ५.९, अल्ब्युमिन ४.४, ग्लोब्युलिन १.५. कावीळ आहे का एवढंच तेव्हा बघायचं होतं, म्हणून सगळ्यांनी लिव्हरचं एसजीपीटी वाचलं आणि कागद फाइलला लावला. असे तीन कागद निघाले. ग्लोब्युलिन दोनच्या खाली दिसलं तर तो कागद वर ठेवा. (१९५२ मध्ये ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या मुलात एक्सएलए ओळखला तोही असाच, रक्तातल्या प्रथिनांच्या तपासणीत गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच नव्हता म्हणून.)

आमचं निदान ज्यांनी केलं त्या डॉक्टरांनी आधी मुलाला फक्त ‘आ’ करायला लावलं. टॉन्सिल जवळजवळ नव्हतेच. तोवर कितीतरी जणांनी त्या घशात लाली आहे का ते पाहिलं होतं. तिथे काय नाही ते पहिल्यांदा त्यांनी पाहिलं. एक्सएलए प्रामुख्याने मुलग्यांना होतो, तेव्हा तुमच्याकडे तो असण्याची शक्यता फार कमी. पण किशोरवयात डोकं वर काढणारा सीव्हीआयडी (अँटिबॉडी कमी पडण्याचाच दुसरा आजार) मुलींनाही होतो. त्यात टॉन्सिल, लसिका गाठी, प्लीहा उलट मोठ्याही असू शकतात. आणि प्लेटलेट पडणं हे त्याचं पहिलं लक्षणही असू शकतं. आपल्याकडे निमोनिया छातीच्या डॉक्टरांकडे जातो, प्लेटलेट रक्ताच्या डॉक्टरांकडे, आणि दोन्ही फायली एकत्र उघडतच नाहीत. तुम्ही उघडा. शक्य तितक्या लवकर इम्युनॉलॉजिस्ट (प्रतिकारशक्तीचे डॉक्टर) गाठा.

आज काय करता येईल? फ्लो सायटोमेट्री या रक्ततपासणीने बी पेशी (यांच्यापासूनच अँटिबॉडी बनतात) आणि टी पेशींची मोजणी. आयव्हीआयजीने ती बिघडत नाही. मात्र स्टिरॉइड चालू असेल तर पेशी कमी दिसू शकतात, तसं फॉर्मवर लिहायला सांगा. नमुना ताजाच लागतो, त्यामुळे लॅबला आधी विचारून मगच रक्त द्या. लसीला शरीर उत्तर देतं का, ही तपासणी (टिटॅनस, न्यूमोकोकस, लसीआधी आणि साधारण चार आठवड्यांनी) निदानात फार मोलाची. पण आत्ता केली तर दात्यांच्याच अँटिबॉडी मोजल्या जातील. त्या तपासणीसाठी थांबावंच लागेल. लघवीतून किंवा आतड्यातून प्रोटीन जात नाही ना, एचआयव्ही नाही ना, हेही बघतील. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. एचआयव्हीची अँटिबॉडी तपासणी इथे दगा देऊ शकते, म्हणून थेट विषाणू शोधणारी पीसीआर मागतात.

सगळ्यात घाईची गोष्ट. प्लेटलेट पुन्हा पडल्या आणि कुणी रिटुक्सिमॅब सुचवलं, तर त्याआधी इम्युनोग्लोब्युलिन आणि बी पेशींचं रक्त काढून ठेवायला सांगा. ते औषध बी पेशीच संपवतं. मग पुढे अँटिबॉडी कमी आल्या तर मूळ आजाराने की औषधाने, हे सोडवणं महाकठीण. निदान होईपर्यंत जिवंत विषाणूंची कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जीन तपासणी पुढे सुचवतीलच. लहान वयात अँटिबॉडी कमी आणि शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटलेलं, असं एकत्र दिसलं की सीटीएलए४, एलआरबीए असे जीन बघतात, कारण तिथे दोष सापडला तर औषधच बदलतं. जीनमध्ये बदल सापडून ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर मात्र त्यावरून घरात कुणाला दोष देत बसू नका. आमच्याकडे ते झालंय.

आयव्हीआयजीच्या आधीचं ग्लोब्युलिन सापडलं की नाव झाकून आकडे इथे टाका. आणि तीनही निमोनिया फुफ्फुसाच्या एकाच जागी होते का, तेही एक्स-रे पाहून लिहा. एकाच जागी असतील तर आधी त्या जागेचाच विचार करावा लागेल, आणि मग वर लिहिलेल्यापैकी बरंचसं मागे पडेल.