घरातले फोटो पिवळे, बाहेरचे काळे

प्रश्न : गणपतीत घरी मोबाइलवर भरपूर फोटो काढते, पण मूर्ती एकतर पिवळी येते नाहीतर चेहरा पांढराफटक, डोळ्यांची आखणीसुद्धा दिसत नाही. आरतीचे तर सगळेच हललेले. चांगला कॅमेरा घ्यावा का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, कॅमेऱ्याचे पैसे आत्ता राहू द्या, आधी मखरातली लायटिंग बघू. होतं काय, की खोलीत अंधार असतो आणि मूर्तीवर एकच झोताचा दिवा मारलेला असतो, मोबाइल अख्ख्या चित्राचा सरासरी उजेड धरतो, त्याला वाटतं फारच काळोख आहे म्हणून तो सगळंच उजळ करतो आणि त्यात बाप्पाचा चेहरा जळतो. म्हणून स्क्रीनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होईल, मग बाजूला सूर्यासारखं चिन्ह किंवा पट्टी येते ती हळूहळू खाली ओढा, डोळ्यांची रेष दिसायला लागली की थांबा. मागची आरास थोडी काळवंडली तरी चालेल, आपल्याला बाप्पा हवाय. आणि फ्लॅश बंदच ठेवा, रंगाच्या चकाकीवर त्याचा पांढरा ठिपका उमटतो.

पिवळेपणाचं कारण वेगळं. ट्यूबचा उजेड पांढरा, बल्बचा आणि माळांचा पिवळा, दोन्ही एकदम लावले की मोबाइल गोंधळतो. फोटोपुरतं एकच काहीतरी ठेवा. माझं ऐकाल तर सकाळी पूजा झाल्यावर सगळे दिवे घालवा आणि खिडकीच्या उजेडात काढा, खिडकी मूर्तीच्या बाजूला हवी, पाठीमागे नको, ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. शाडूच्या मूर्तीवरच्या बोटांच्या कडा, सोंडेचं वळण, सगळं उठून येतं, इतकं की बघत राहावंसं वाटतं.

आरतीला मात्र उलटं, घरातल्या सगळ्या ट्यूबा लावा. उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात टाळ्या वाजवणारे हात हलतात. नाइट मोड इथे कामाचा नाही, तो हलत नसलेल्या गोष्टींसाठी. कोपरं पोटाला टेकवून धरा, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो मंत्रपुष्पांजलीला घ्या, तेव्हा माणसं फुलं हातात धरून शांत उभी असतात, चेहरेही छान असतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो ट्यूबचा दोष, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग आपल्या हाताने बदलायची सोय, असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात.

प्रश्न : कासला गेलो होतो, बायकोमुलांचे चेहरे काळे आणि आभाळ पांढरं आलं. धुक्यातले फोटो तर राखाडी. – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आभाळ चेहऱ्यांपेक्षा कितीतरी उजळ असतं, दोन्ही एकदम धरायला गेलं की एक हातचं जातं. कॅमेऱ्यातलं एचडीआर चालू करा, ते कमीजास्त उजेडाचे फोटो जोडून एक करतं, थोडा फरक पडेल. खरा उपाय म्हणजे माणसं फिरवा, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडू द्या आणि फ्रेममधलं आभाळ कमी करून खालची फुलं जास्त घ्या. दुपारी १२ ला डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्यापेक्षा सकाळी लवकर जा, आणि ढगाळ असेल तर नाराज होऊ नका, ढगाळ उजेडात फुलांचे रंग फार सुंदर येतात. धुक्यात मोबाइल पांढऱ्याला राखाडी करतो, तिथे स्क्रीनवर बोट दाबलं की येणारी ती सूर्याच्या चिन्हाची पट्टी थोडी वर ओढायची.

फुलांच्या जवळून फोटोसाठी कृपा करून पायवाट सोडून आत शिरू नका, एका फोटोपायी कितीतरी रोपं तुडवली जातात, वाटेवरच खाली बसा आणि फुलांच्या उंचीवरून काढा. मोबाइलला २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, बोटांनी ताणलेला झूम नको, त्याने चित्र फक्त कापून मोठं होतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा आणि मऊ सुती कापडाने पुसून मगच सुरू करा.