ही ‘दोन वर्षं’ कुठल्या कागदावर लिहिली आहेत?

प्रश्न : माझं वय ५५, खासगी कंपनीत नोकरी, ५८ला निवृत्ती. हातात पगार १ लाख २० हजार. पत्नी गृहिणी. मुलगा इथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर स्टुडंट म्हणून अर्ज करायचा आहे. कन्सल्टंटच्या मते इथली दोन वर्षं धरली जातील, तिथे दोनच उरतील. वर्षाला ४० हजार डॉलर, म्हणजे एकूण ७२ लाख. त्यातले १२ लाख एफडीतून देईन. २५ लाख मुलाच्या शिक्षणासाठी २०१९मध्ये बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे पुढच्या वर्षी येतील (वर्षाला २ लाख, सात हप्ते भरून झाले, पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे). उरलेल्या ३५ लाखांसाठी ६५ लाखांचा फ्लॅट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घ्यावं, की पीएफमधले ३४ लाख वापरावेत? पीपीएफमध्ये ११ लाख आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कर कशात जास्त वाचेल?

उत्तर : कराचं आधी उरकू. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, जिला सगळे ८०ई म्हणतात, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि तीही परतफेड सुरू झाल्यापासून आठच वर्षं. तुमचे हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही निवृत्त असाल. करपात्र उत्पन्नच नसेल तर वजावट कशातून करणार? मुलाने अमेरिकेतून हप्ते भरले तर त्यालाही इथे उपयोग नाही. करासाठी कर्ज घ्यायचं हा मुद्दा इथेच संपला. एक फायदा खरा आहे: १ एप्रिल २०२५पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर, कापला जात नाही. पण तोही पैसे अडकण्या-न अडकण्याचा फरक आहे, कारण कापलेला टीसीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतोच.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रात ‘दोन वर्षं’ दोनदा आली आहेत. एकदा पदवीची, एकदा पॉलिसीची, कारण तिचे २५ लाख त्या दोन वर्षांच्या आतच यायला हवेत. यातलं एकही गणित कागदावर टिकत नाही.

पॉलिसीचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यावर ‘हप्ता भरण्याची मुदत ७ वर्षे’ असं आहे, आणि त्याच्या खालच्याच ओळीत ‘पॉलिसीची मुदत १५ वर्षे’. म्हणजे २५ लाख मिळणार, हमीचेच आहेत, पण २०३४मध्ये. तोवर तुमचा मुलगा तिशीच्या जवळ पोहोचलेला असेल. ‘सात वर्षं भरा, शिक्षणाला पैसे तयार’ असं सांगून बँकेच्या टेबलावर ही पॉलिसी विकली गेली, आणि सांगणाऱ्याने दुसरी ओळ वाचून दाखवली नाही. १४ लाख भरून सरासरी बारा वर्षांनी २५ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. मुलाच्या शिक्षणाचं नाव चिकटवलं की लोक मुदत विचारत नाहीत, हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

तरीही ती आता मोडू नका. जे नुकसान व्हायचं ते पहिल्या सात वर्षांत होऊन गेलंय. कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी मागवा. समजा साडेबारा लाख आलं, तर त्याचे आठ वर्षांत २५ म्हणजे दुप्पट, वर्षाला सुमारे ९ टक्के. इतक्या निश्चित दराने तुम्हाला दुसरीकडे आज कोणी देणार नाही. आकडा बराच जास्त आला तर मला कळवा, मग हिशेब पुन्हा करू. शिक्षणाच्या तजविजीत मात्र या पॉलिसीचा आकडा शून्य धरा.

आता पदवीची दोन वर्षं. अमेरिकेत बॅचलर पदवी वर्षांवर मोजत नाहीत, क्रेडिटवर मोजतात, म्हणजे पास केलेल्या प्रत्येक विषयाला मिळणाऱ्या गुणभारावर. साधारण १२० क्रेडिट लागतात, इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी थोडी जास्त. १२५ धरू. कन्सल्टंट ‘क्रेडिट ट्रान्सफर होतात’ म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. क्रेडिट स्वीकारणं वेगळं आणि ते पदवीच्या अटीत धरणं वेगळं. गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग बहुतेक धरलं जाईल. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस मारून केलेला फिटिंगचा जॉब आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग तिथल्या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमातल्या कशाशीही जुळत नाही. असे विषय ‘ऐच्छिक’ म्हणून मार्कलिस्टवर चढतात आणि तिथेच बसून राहतात. उलट लेखन, इतिहास, समाजशास्त्र असे विषय तिथे सगळ्यांना सक्तीचे असतात आणि आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी ते जवळजवळ घेतलेलेच नसतात.

ढोबळमानाने ४५ क्रेडिट खऱ्या अर्थाने धरली गेली असं माना. उरली ८०. एका सत्रात माणूस १५ घेतो. पाच सत्रं आणि वर थोडं, म्हणजे सहा सत्रं. तीन वर्षं. दोन वर्षांत उरकायचं तर प्रत्येक सत्रात २० घ्यावी लागतील, आणि तेही सगळे विषय हवे त्या सत्रात मिळाले तर. तसे ते मिळत नाहीत. एक विषय झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि त्यातला एखादा फक्त ऑगस्टच्या सत्रात शिकवतात. तो हुकला की वर्ष गेलं. शिवाय शेवटची ठरावीक क्रेडिट आमच्याच वर्गात बसून मिळवा, अशी अट जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाची असते.

परदेशी मार्कलिस्ट तपासून देणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतलं तरी तो त्या संस्थेचा अभिप्राय. कुठलं क्रेडिट कशात धरायचं हे विद्यापीठ आणि तिथला विभाग ठरवतो, आणि बहुतेक वेळा प्रवेश दिल्यानंतर. मग तुमच्या कन्सल्टंटला ‘दोनच वर्षं’ हे आजच कुठून कळलं? त्याला हे विचाराच, आणि त्याची फी तुमच्याशिवाय आणखी कोण देतं तेही विचारा. विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून कमिशन घेणारे एजंट कमी नाहीत.

आता दोन्ही दुरुस्त्या एकत्र करा. वर्षाला ४० हजार डॉलर, ९० रुपयांनी ३६ लाख. तीन वर्षांचे १ कोटी ८ लाख, आणि यात फीवाढ नाही, रुपयाची घसरण नाही, विमानाचं तिकीटही नाही. पॉलिसीतून शून्य, एफडीतून १२. कर्ज ३५ लाखांचं नाही, ९६ लाखांचं. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही म्हणतात, पण १० टक्क्यांनी व्याज चालूच असतं. ते २७-२८ लाख होतं. २०३०च्या मध्यावर सव्वा कोटीच्या जवळ येणं बाकी, आणि पंधरा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३३ हजार. तुमचा आजचा पगार १ लाख २० हजार आहे. तेव्हा पगार नसेल. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, महिन्याला फार तर साडेसात हजार येतील.

प्रत्यक्षात एवढं कर्ज तुम्हाला मिळणारही नाही, कारण फ्लॅट ६५ लाखांचा आहे. खरा धोका तिथे आहे. पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत चालेल. २०२८मध्ये मुलाची वीस क्रेडिट बाकी असतील, बँक हात वर करेल, आणि अर्धवट पदवी घेऊन परत ये असं कुठला बाप म्हणतो? त्या महिन्यात पीएफ जाईल आणि पाठोपाठ पीपीएफ. तुम्ही मला ‘फ्लॅट की पीएफ’ विचारताय. या वाटेने दोन्ही जातात, फक्त वेगवेगळ्या वर्षी.

‘पार्ट टाइम करून राहण्याचा खर्च काढेन’ असं मुलगा म्हणत असेलच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. तासाला १२ डॉलर आणि तीस आठवडे धरले तर ७,२०० डॉलर, काम मिळालं तर. तेवढ्याने किराणा आणि मोबाइल निघेल. शिष्यवृत्तीचं स्वप्नही आवरा. तिथल्या केंद्र सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्यांना नसते, आणि विद्यापीठांच्या आपल्या शिष्यवृत्त्या मुख्यतः पहिल्या वर्षी येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. ट्रान्सफरवाल्याच्या पानात उरलंसुरलं पडतं.

दुसरी वाट मुलासमोर ठेवा, आणि रागावून नाही. इथली उरलेली दोन वर्षं पूर्ण करायची, फी आणि बाकी मिळून चार-पाच लाख, आणि मग दोन वर्षांचं एमएस. खर्च तोच ७२ लाखांच्या घरात, पण हातात दोन पदव्या. वेळ एक वर्ष जास्त. एमएसला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, मिळण्याची थोडी तरी शक्यता असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत ६५ हजारांच्या कोट्याबरोबर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांच्या २० हजार जागांमध्येही नाव जातं. तिथून बॅचलर करणाऱ्याला ती दुसरी संधी नाही. आणि पोरगा पदवीधर असला की कर्ज मुख्यतः त्याच्या नावावर, त्याच्या गुणांवर मागता येतं. मी स्वतः हेच निवडेन, पण मी त्याचा बाप नाही.

अर्ज करायचाच असेल तर करू द्या, अर्जाच्या फीने कोणी बुडत नाही. अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि परीक्षा विभागाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागून ठेवा, त्याला आठवडे लागतात. इथल्या तिसऱ्या वर्षाची फी भरा, प्रवेश रद्द करू नका. प्रवेशपत्र आलं की डिपॉझिट भरण्याआधी विभागाला एकच ईमेल: माझी किती क्रेडिट या पदवीच्या अटींत धरली, आणि किती सत्रं उरली? आकडा चार सत्रांचा, आणि लेखी आला, तर ७२ लाखांचा विचार करता येईल; तेव्हाही तुमचे १२ लाख आणि फार तर ४० लाख कर्ज, पुढचं त्याने शिष्यवृत्तीतून किंवा स्वस्त विद्यापीठ शोधून भरून काढायचं. सहा सत्रं आली तर नाही म्हणा. पीएफ आणि पीपीएफ दोन्ही वेळा जागच्या जागी.

कर्ज कुठलंही घेतलंत तरी तेवढ्या रकमेचा साधा टर्म विमा स्वतःच्या नावावर घ्या. पंचावन्नाव्या वर्षी तो महाग पडेल, पण आज तुमच्याकडे त्या पॉलिसीतल्या किरकोळ रकमेशिवाय विमा दिसत नाही. बँक कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा पुढे सरकवेल. त्याची बाहेरच्या दराशी तुलना केल्याशिवाय सही करू नका. आणि हो, सातवा हप्ता संपला हे त्यांच्या संगणकावरही दिसतंय. थोड्याच दिवसांत त्याच शाखेतून ‘सर, दोन लाख आता मोकळे झाले ना?’ असा फोन येईल. तो उचलू नका.