‘लिसन टू ब्रिटन’मध्ये निवेदनच नाही, मग हम्फ्रे जेनिंग्जला एवढं थोर का मानतात?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश माहितीपटकार जेनिंग्जचा ‘लिसन टू ब्रिटन’ पाहिला, वीस मिनिटांत कुणी काही समजावून सांगतच नाही, मग जेनिंग्जचं एवढं कौतुक कशासाठी आणि त्याचं दुसरं काय पाहावं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘निवेदन असतं तर सामान्य माणसाला कळलं असतं.’ मी संकलक आहे. हे वाक्य मी एडिटिंग टेबलावर बसून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सामान्य माणसाला कळणार नाही, ही भीती सामान्य माणसाला कधीच नसते. ती पैसे देणाऱ्याला असते. १९४२ सालीही हेच झालं. ही फिल्म क्राउन फिल्म युनिटची, म्हणजे युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारचीच. ती अटलांटिकपलीकडे पाठवायची ठरली तेव्हा तिथल्या लोकांना ती उमगणार नाही म्हणून लेनर्ड ब्रॉकिंग्टन नावाच्या कॅनेडियन गृहस्थांचं प्रास्ताविक पुढे चिकटवलं गेलं. ते आजही काही प्रतींत आहे. आता काय काय ऐकू येईल आणि त्याचा अर्थ काय, हे ब्रॉकिंग्टन आधीच सांगून मोकळे होतात. तुमच्या प्रतीत ते असेल तर तेवढा भाग सोडून फिल्म पुन्हा पाहा.

गंमत नाही, पण सगळ्यात जोराचा हल्ला घरातूनच झाला. एडगर अ‍ॅन्स्टी हा ब्रिटिश माहितीपटाचा पाया घालणाऱ्या जॉन ग्रिअर्सनच्याच तालमीतला माहितीपटकार. त्याने ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकात लिहिलं की रोम जळताना फिडल वाजवणाऱ्या नीरोनंतर असं फिडल कुणी वाजवलं नसेल आणि हे परदेशी पाठवलं तर अनर्थ होईल. देश युद्धात आणि सरकारी युनिट देशातले आवाज गोळा करत बसलंय, हा त्याचा राग. आणि ज्यांना ‘कळणार नव्हतं’ त्यांनी काय केलं? माहिती मंत्रालयातर्फे कारखान्यांत, गावांत फिल्म दाखवणाऱ्या हेलन द मूयपिए यांनी पुढे सांगितलंय की साध्या प्रेक्षकांनी ही फिल्म अगदी मनापासून पाहिली. कारण त्यात त्यांचेच आवाज होते.

आता दोन दृश्यांची जोड बघा. कारखान्याच्या कँटीनमध्ये फ्लॅनगन आणि अ‍ॅलन ही लोकप्रिय विनोदी जोडी गातेय, जेवणारे कामगार साथ देतायत. ते गाणं संपता संपता लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात नामवंत पियानोवादक मायरा हेसच्या पियानोवर मोझार्ट सुरू होतो, आणि सूर कुठे जोडलाय ते कानाला कळत नाही. गॅलरीत चित्रं नाहीत, बॉम्बच्या भीतीने हलवलेली, भिंतींवर रिकाम्या चौकटी. श्रोत्यांत बायका डबा खाताना दिसतात, राणीही बसलीय. मग मोझार्ट तसाच रस्त्यावर येतो आणि पुढे यंत्रांच्या आवाजात मिसळून जातो. राणी आणि कामगार एकाच देशाचे, हे वाक्य निवेदकाने उच्चारलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. इथे ते कानातून आत जातं. श्रेयनामावलीत दिग्दर्शन आणि संकलन या दोन्हींवर जेनिंग्जबरोबर स्टुअर्ट मॅकअ‍ॅलिस्टरचं नाव आहे. स्कॉटलंडचा हा संकलक नसता तर ही फिल्म अशी झालीच नसती, असं माझं ठाम मत आहे. जेनिंग्जवर लिहिणारे पानंच्या पानं लिहितात आणि मॅकअ‍ॅलिस्टरला एका ओळीत उरकतात.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या तांबट आळीवर आम्ही एक छोटी फिल्म केली. पैसे एका संस्थेचे, दिग्दर्शक माझा मित्र, संकलन माझं. तांब्याचा पत्रा भट्टीतून निघतो तेव्हा मऊ असतो, त्यावर हातोडी पडली की आवाज बद्द येतो. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो आणि आवाज खणखणीत होत जातो. कारागीर त्या आवाजावरून ओळखतो की आता आणखी ठोकलं तर पत्रा फाटेल, पुन्हा तापवायला हवा. मग पुन्हा भट्टी, पुन्हा बद्द. शेवटी मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके, तेव्हाचा आवाज आणखी वेगळा, बारीक आणि सलग. मी फिल्मची सुरुवात एवढ्यावरच बांधली होती. एक घंगाळ घडताना ऐकायचं, बस्स.

संस्थेचे पदाधिकारी बघायला आले. पाचव्या मिनिटाला एक जण म्हणाले, “अहो, पण हे चाललंय काय ते कुणीतरी सांगा ना! आमच्या देणगीदारांना कळायला नको?” मी भांडलो. ब्रॉकिंग्टनची गोष्टसुद्धा सांगितली. मित्र गप्प बसला. आठवड्याभरात भारदस्त आवाजाचा एक माणूस आला आणि ‘कसबा पेठेच्या कुशीत वसलेली ही आळी म्हणजे पुण्याच्या सांस्कृतिक वैभवाचा मानबिंदू’ असं काहीतरी वाचून गेला. खाली बासरी. निवेदन ऐकू यावं म्हणून हातोडीचा आवाज इतका दाबला की नुसती टकटक उरली.

पहिल्या खेळाला ज्यांचं काम आम्ही टिपलं होतं ते काका आले होते. संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “आवाज बारीक का केलात? पत्रा परत भट्टीत कधी घातला तेच कळेना.”

निवेदन घातल्यावर न कळलेला एकमेव माणूस तोच, ज्याला त्या कामातलं सगळं कळत होतं. मित्र अजून म्हणतो, संस्थेचं ऐकलं नसतं तर फिल्म डब्यात पडली असती. पडू द्यायची. डब्यातली फिल्म पुढेमागे बाहेर काढता येते, लोकांच्या डोक्यात चुकीची बसलेली काढता येत नाही.

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. १९४० साली मुंबईत तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने माहितीपटांसाठी फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड काढलं, त्यासाठी अलेक्झांडर शॉ हा ब्रिटिश माहितीपटकार आणला. १९४८ ला सरकारी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन आलं. मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवली जाणारी ती रिळं ज्यांनी पाहिलीत त्यांच्या कानात तो सर्वज्ञ आवाज अजून असेल. ब्रिटिशांकडून आपण नेमका तो आवाज उचलला, जेनिंग्ज उचलला नाही. अपवाद आहेत. प्रमोद पतींचा १९६८ चा ‘एक्सप्लोरर’ त्याच फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरच्या कचेरीतून निघाला आणि त्यात निवेदन नाही.

जेनिंग्जचं आयुष्य थोडक्यात. जन्म १९०७, सफोकमधलं वॉल्बर्सविक. केंब्रिजला इंग्रजी साहित्य. चित्रकार, कवी, १९३६ च्या लंडनमधल्या अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एक. संसाराला पैसा हवा म्हणून १९३४ ला पोस्ट खात्याच्या फिल्म युनिटमध्ये शिरला. १९३७ ला ‘मास ऑब्झर्व्हेशन’च्या संस्थापकांत होता, म्हणजे साध्या लोकांचं रोजचं जगणं टिपून ठेवणारी चळवळ. १९५० साली ग्रीसमधल्या पोरोस बेटावर पुढच्या फिल्मसाठी जागा शोधताना कड्यावरून पडून गेला, वय ४३. यंत्रयुगाच्या आगमनावर त्याने अनेक वर्षं जमवलेले उतारे ‘पँडिमोनियम’ नावाने १९८५ ला छापले गेले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याची एक प्रेरणा तेच पुस्तक होतं.

पुढे काय पाहावं? ‘द सायलेंट व्हिलेज’, १९४३. नाझींनी चेकोस्लोव्हाकियातलं लिडित्से गाव नष्ट केलं, ते जेनिंग्जने वेल्समधल्या कुमगीड या खाणकामगारांच्या गावात घडवून दाखवलं, भूमिका गावकऱ्यांच्याच. जर्मन सैनिक दिसतच नाहीत. गावात लाऊडस्पीकर लावलेली मोटार येते आणि हुकूम सुटतात. गावकरी आपसात वेल्श बोलतात, त्याचा अर्थ कुणी लावून देत नाही. वरून बोलणारा आवाज कुणाचा आणि खालचा कुणाचा, याचा एवढा स्वच्छ हिशेब मी दुसऱ्या फिल्ममध्ये पाहिलेला नाही. मग ‘फायर्स वर स्टार्टेड’, तेही १९४३ चं. त्यात खरे अग्निशामक आहेत, आणि आगीवर जाण्याआधीचा पियानोचा प्रसंग चुकवू नका.

दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. ‘अ डायरी फॉर तिमथी’मध्ये जेनिंग्जनेच निवेदन वापरलंय, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने लिहिलेलं, अभिनेता मायकल रेडग्रेव्हने वाचलेलं. पण ते नवजात बाळाला उद्देशून आहे, प्रश्न विचारतं, प्रेक्षकाला धडा देत नाही. दुसरं, १९४२ च्या इंग्रज प्रेक्षकाला मायरा हेस कोण हे ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तेव्हा पाहण्याआधी थोडं वाचून घ्या, पाहताना मात्र कुणाला बोलू देऊ नका.

आणि तुम्ही स्वतः फिल्म करत असाल, तर निवेदनाची संहिता हातात घेऊन आलेल्या माणसाला आधी एक रीळ नुसतं ऐकायला बसवा. माझा मित्र हे वाचत असेल तर त्यालाही सांगतो, तांबट आळीचा मूळ ध्वनी माझ्या हार्ड डिस्कवर जसाच्या तसा आहे. संस्थेची परवानगी तू आण, मी पुन्हा कापून देतो. पैसे नकोत.