आम्ही नको म्हटलं तर?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा गावं, तीन आठवडे, दर गावी सागाच्या तोडीबद्दल एक सभा, हजेरीपत्रक, चार फोटो आणि शेवटी अहवाल. दहा गावं सुरळीत पार पडली. अकराव्या गावात मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजीनं विचारलं, "आम्ही नको म्हटलं तर?" तुझ्याकडे उत्तर नव्हतं. परतताना गाडीत साहेब म्हणाले, "लिही, ग्रामस्थांच्या शंकांचे निरसन करण्यात आले." तू तसं लिहिलंस, आणि आता झोप लागत नाही. नोकरी सोडू का, असं विचारतेस.

नोकरीचं नंतर बघू. आधी आजीचं बघू.

तू कायदा वाचलेली मुलगी आहेस. गडचिरोलीत कामाला आलीस ती काही पगारासाठी नाही, हेही मला ठाऊक आहे. जंगल कुणाचं, यावर तुझ्या-माझ्यात वाद नाही. म्हणून धीर देण्यात वेळ घालवत नाही. तीस वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळली, ती सांगतो. समोरच्याला 'नाही' म्हणता येत नसेल, तर ते विचारणं नव्हे. ती दवंडी झाली. दवंडी पिटायला माझी हरकत नाही, पण तिला सल्लामसलत म्हणू नकोस.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते वाचून मला राग आला. "लोक बोलतच नाहीत, मग नोंदवू काय?" अगं, लोक का बोलतील? कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, कुठला, झाडं किती, तोड कधी, लाकूड कुठल्या आगारात जाणार, हे सगळं ठरवून तू गेलीस. नकाशा छापलेला, तारीख छापलेली. तुझ्यामागे वर्दीतला माणूस उभा. मग तू म्हणालीस, "काही सूचना?" ज्यांनी आयुष्यभर वर्दीपुढे मान खाली घातली, त्यांनी त्या दिवशी वेगळं काय करायचं? गप्प बसणं हेच त्यांचं बोलणं होतं. तुला ते ऐकायला आलं नाही, एवढंच.

रागावलो, पण तुझ्यावर रागवायचा मला हक्क किती आहे ते आता सांगतो.

1996 सालची गोष्ट. संयुक्त वन व्यवस्थापनाचे, म्हणजे वनखातं आणि गाव मिळून जंगल राखायचं, असे दिवस होते. केंद्राचं परिपत्रक 1990 चं, आणि आपल्याकडे गावोगावी समित्या स्थापन करायची घाई सुरू झालेली. मी एका संस्थेत होतो, वय अठ्ठावीस. कुरखेड्याकडच्या एका गावात एका संध्याकाळी मी सूक्ष्म आराखडा, म्हणजे त्या गावाच्या जंगलाचं नियोजन, वाचून दाखवला. मराठीतून वाचला, गाव गोंडी बोलणारं. त्यात गावालगतच्या एका पट्ट्यात पाच वर्षं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सागाची लागवड होती. कंदिलाच्या उजेडात अंगठे घेतले. बाया मागे बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी रजिस्टरात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "महिलांची एकमुखी संमती."

पुढच्या पावसाळ्याआधी त्या पट्ट्यात सरपण आणायला गेलेल्या एका बाईचा कोयता वनरक्षकानं जप्त केला आणि पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याची पहिली नोंद, फाडला. ती समितीकडे आली. समितीच्या अध्यक्षानं तिच्यापुढे रजिस्टर उघडून धरलं. हा तुझा अंगठा. मी तिथे बसलो होतो. तिनं अंगठ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तो पट्टा सोडला तर सरपणाला दोन कोस जावं लागायचं, हे तिला त्या संध्याकाळीच माहीत होतं. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, वाचून दाखवलं होतं.

त्या पानाची झेरॉक्स मी अजून जवळ ठेवली आहे.

तेव्हापासून 'संमती' हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. तुझ्या कंपनीच्या कागदांत तो इंग्रजीतून आलेला आहे, तीन विशेषणांसह: स्वतंत्र, पूर्व आणि माहितीपूर्ण. युरोपातल्या खरेदीदाराला सागवान कायदेशीर असल्याचा पुरावा हवा, 2023 च्या त्यांच्या नियमांत स्थानिकांचे हक्कही आले, म्हणून तुमची गाडी अकरा गावांना फिरली. त्यात वाईट काही नाही. दूरच्या खरेदीदाराच्या निमित्तानं का होईना, गावाला कुणी विचारायला आलं. पण ती तिन्ही विशेषणं एकाच खुंटीवर टांगलेली आहेत. 'नाही' म्हटल्यावर तोड थांबणार नसेल, तर आधी विचारलं काय, नंतर विचारलं काय, आणि माहिती मराठीत दिली काय की गोंडीत!

आपल्याकडे कायदेशीर लाकूड म्हणजे काय, हे आपण वनखात्याकडूनच शिकलो. बुंध्यावर हातोड्याचा ठसा आणि ट्रकवाल्याच्या खिशात टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, की झालं कायदेशीर. सिरोंच्याकडून नदीपार जाणारं चोरटं सागवान पकडायला हे दोन्ही लागतंच, नको असं मी म्हणत नाही. पण ठसा एवढंच सांगतो की लाकूड खात्याच्या हिशेबातलं आहे. ज्या जंगलातून ते आलं तिथल्या माणसांनी मान हलवली होती का, हे तो सांगत नाही.

बांबूचं बघ. वनस्पतिशास्त्रात गवत, आणि 1927 च्या वन कायद्यात 2017 पर्यंत झाड! झाड म्हटलं की वनउपज खात्याची. गावातल्या माणसानं टोपलीसाठी तोडला तर गुन्हा, आणि कागद कारखान्यांना वर्षानुवर्षं करारानं मिळत राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, घातलं आणि मालकी लोकांची म्हटली. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवाना खात्याच्याच हातात. म्हणजे हक्क कागदावर, बांबू रांजीत, म्हणजे बेटातच उभा, आणि रस्ता बंद. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढच्याच वर्षी नियमांत दुरुस्ती झाली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला.

लोक ही गोष्ट परवान्याच्या पुस्तकापासून सांगतात. तू ती वीस वर्षं आधीपासून वाच. गावचे पुढारी देवाजी तोफा, त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि त्या गावातली माणसं अभ्यास गटात बसून एकेक विषय सोलत होती. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे काय, हे नीट लक्षात घे. एकाही माणसाचा 'नाही' शिल्लक असेल तर विषय पुढच्या सभेत. बाहेरच्यांना हे वेळखाऊ वाटायचं. मलाही वाटायचं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा भिंतीवर रंगवायला सोपी आहे. ती तशी जगायची तर एका माणसासाठी अख्खं गाव थांबवावं लागतं.

आणि गाव 'नाही' म्हणतं तेव्हा ते नेहमी सरकारलाच म्हणतं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं आपल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण पत्त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून नको. स्वतःच्या कमाईला 'नाही' म्हणणारी सभा! असल्या गावात जाऊन कुणी म्हणेल का, की लोकांना कळत नाही?

ओडिशातला नियमगिरी डोंगरही आठव. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2013 मध्ये सांगितलं की डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीबद्दल ग्रामसभांना विचारा. शंभरावर गावं असताना सरकारनं बारा निवडली. बाराच्या बारा गावांनी 'नाही' म्हटलं, आणि खाण थांबली. तिथे विचारणं खरं होतं, कारण उत्तराला वजन होतं. नाहीतर त्याही बारा सभांचे छान फोटो निघाले असते.

आता माझ्या हट्टाची गोष्ट. ती मी फारशी कुणाला सांगत नाही.

परवान्याचे अधिकार आल्यानंतरच्या वर्षांतली. एका ग्रामसभेचा बांबू विकायचा होता. ठेकेदार आला, दर चांगला होता, आठवड्यात सही हवी म्हणाला. सभा झाली, कोरम भरला, निम्मे लोक होते आणि त्यात एक तृतीयांश बायाही होत्या. कायद्यानं सगळं बरोबर. पण नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, नऊ घरं आली नव्हती. मी म्हटलं, त्यांच्याशिवाय ठराव नको. पोरं चिडली. म्हणाली, काका, आले नाहीत हा त्यांचा दोष. मी हटलो नाही. दुसरी सभा टोल्यावर घेतली. तिथे कळलं की तोडीच्या पट्ट्यातला नाल्याकाठचा भाग टोल्यावरची माणसं टोपल्या-सुपांसाठी राखून असतात. तो भाग वगळला. यात तीन आठवडे गेले आणि ठेकेदार शेजारच्या गावाकडे वळला. त्या हंगामात तोड झालीच नाही. मजुरी बुडाली. बरीच पोरं मिरची तोडायला तेलंगणात गेली. त्यातले दोघं आजही मला पाहून रस्ता बदलतात.

मी चुकलो का? पुष्कळदा विचार केला. ठेकेदाराला दोन आठवडे थांबवायला मी जास्त धडपडायला हवं होतं, हे खरं. टोल्यावर पहिल्या सभेच्या आधीच जायला हवं होतं, हेही खरं. पण सही त्या आठवड्यात झाली असती तर नऊ घरांच्या सुपांचा बांबू ट्रकमध्ये गेला असता, आणि पुन्हा कुणीतरी रजिस्टर उघडून दाखवलं असतं. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. तू म्हणशील, काका स्वतःचं समर्थन करतायत. करतो आहे. मजुरी बुडालेल्या पोरांपुढे मला ते करता आलं नाही, म्हणून तुझ्यापुढे करतो.

आता तुझं. एका गावाला एक सभा पुरत नाही. पहिल्या सभेत लोक तुला बघतात, दुसरीत तुझं ऐकतात, तिसरीत बोलतात. तीन आठवड्यांत अकरा गावं बसत नसतील तर साहेबांना सांग, चारच गावं करते. ते नाही म्हणतील. म्हणू दे, पण तू लेखी मागितलंस हे राहील. सभेत गोंडी बोलणारी बाई सोबत ने, वर्दीतला माणूस नको. बायांशी आधी वेगळं बोल, विहिरीवर, अंगणात. आणि पहिलाच प्रश्न हा ठेव की यातलं काय नको. काय हवं ते लोक पाहुण्याला खूश करायला सांगतात.

सागाच्या कुपाबद्दल तू घाबरतेस, की इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, मग ग्रामसभेच्या 'नाही'ला कायद्यात आधार काय? वनहक्क कायद्याचं कलम 5 पुन्हा वाच. जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि सामूहिक हक्काच्या क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडाही तीच करते. कुपाचा नकाशा आणि गावाच्या हक्काचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिलास का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. एवढी शिकलेली मुलगी आणि हे राहून कसं गेलं? आज रात्रीच बघ.

नोकरी सोडू नकोस. तू सोडलीस तर तुझ्या जागी येणारा 'शंका निरसन' लिहील आणि शांत झोपेल. तू त्या गावात परत जा, एकटी जा. आजीला सांग की तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी खोटं लिहिलं. मग तिला काय नको ते विचार आणि तिच्या शब्दांत, तिच्या भाषेत लिहून घे. अहवालातलं ते वाक्य खोड आणि तिथे तिचं वाक्य घाल. साहेबांनी काढलं तर तुझी मूळ प्रत तारखेसह ग्रामसभेच्या दप्तरात दे आणि पोच घे.

आणि उशीर करू नकोस. मोह पडायला आता दोनेक आठवडेच आहेत. एकदा पडायला लागला की आजी पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली जाईल, मग सभेत काही ती तुला सापडायची नाही. झाडाखाली गेलीस तर सापडेल. जाताना एक टोपली घेऊन जा.

सुधारलेलं पान आधी मला पाठव. माझ्या 1996 च्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

तुझा,
काका